कोड चालला, पण कळला का?

कागद-पेन जवळ असेल तर घ्या, आज लागणार आहे. लोकलमध्ये उभे असाल तर राहू द्या, मनातल्या मनात करा.

आजचा प्रश्न असा: एखादा जण जावास्क्रिप्ट नव्यानं शिकतोय, तर त्याला मुळातलं किती कळलंय हे ओळखायचं कसं? तुम्ही शिकवत असाल, घरी मुलगा-मुलगी शिकत असेल किंवा स्वतःच शिकत असाल, तरी हा प्रश्न तुमचा आहे. मला तो माझ्याच एका चुकीमुळे पडला. आधी ती चूक सांगते.

भोईवाड्यात एका मंडळाच्या खोलीत मी शनिवार-रविवार संध्याकाळी वर्ग घेते. परळ, लालबाग, नायगावची मुलं येतात. कुणी कॉलेजात आहे, कुणी दिवसभर काम करून येतं. तीन महिने झाल्यावर मी परीक्षा घेतली. वीस प्रश्न, चार-चार पर्याय, सगळं इंग्रजीत. एका मुलीला अठरा मार्क पडले. टाटा हॉस्पिटलच्या बाजूला एका मेडिकलमध्ये काम करणाऱ्या मुलाला आठ. मुलीला म्हटलं, तू आता नोकरीसाठी अर्ज करायला लाग. मुलाला म्हटलं, तू पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. तो "बरं ताई" म्हणाला आणि पुढचे दोन आठवडे आलाच नाही.

मुलगी मुलाखतीला गेली. तिथे तिच्यासमोर दहा ओळींचा कोड ठेवला आणि विचारलं, हा काय करतो? तिला त्यातला प्रत्येक शब्द माहीत होता, पण कोड काय करतो ते सांगता येईना. परत आल्यावर म्हणाली, "ताई, पर्याय दिले असते तर ओळखलं असतं."

मुलगा तिसऱ्या आठवड्यात आला. दुकानात कुठल्या गोळ्यांच्या किती स्ट्रिप शिल्लक आहेत त्याची यादी त्यानं केली होती. कमी शिल्लक असलेलं वर यावं म्हणून सॉर्ट लावलं होतं. आकडे होते १००, २० आणि ३. सॉर्ट केल्यावर उत्तर आलं १००, २०, ३. जैसे थे! बाकीची मुलं म्हणाली, सॉर्ट चाललंच नाही. तो म्हणाला, "चाललंय. पण ते आकडे म्हणून बघत नाही, अक्षरं म्हणून बघतंय. डिक्शनरीत कसं आधी पहिलं अक्षर बघतात, तसं. एकवाला आधी, मग दोनवाला, मग तीनवाला. मी नऊ आणि दहा टाकून बघितले. दहा आधी येणार म्हटलं, आणि आला."

अगदी बरोबर! जावास्क्रिप्टचं सॉर्ट, वेगळं काही सांगितलं नाही तर, प्रत्येक गोष्ट अक्षरांत बदलूनच लावतं. या मुलानं अंदाज बांधला, तो तपासला आणि कारण सांगितलं. आणि मी त्याला वीसपैकी आठ दिले होते. माझ्या पेपरात त्याला जावास्क्रिप्ट अडलं नव्हतं, प्रश्नांचं इंग्रजी अडलं होतं.

म्हणजे माझा पेपर भलतंच काहीतरी मोजत होता.

ही गोची फक्त माझ्या वर्गातली नाही हं. २००१ साली मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना छोटे प्रोग्रॅम लिहायला दिले. सरासरी आली ११० पैकी २३ च्या आसपास. मग रेमंड लिस्टर आणि इतरांनी २००४ मध्ये सात देशांतल्या विद्यार्थ्यांना लिहायला न लावता कोड वाचून सोडवायचे प्रश्न विचारले. कितीतरी जण तिथेही अडखळले. लिहिता न येण्याच्या मागे बऱ्याचदा वाचता न येणंच असतं.

जावास्क्रिप्टमध्ये तर हे आणखी लपतं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये तिचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं. ही भाषा स्वभावानं सांभाळून घेणारी आहे. तुम्ही काहीतरी विचित्र लिहिलंत तरी बरेचदा ती थांबत नाही, स्वतःच्या नियमानं अर्थ लावून पुढे जाते. त्यात आता एआयकडून कोड लिहून घेता येतो. त्यामुळे "चाललं ना, मग झालं" या म्हणण्याला काही अर्थ उरलेला नाही.

म्हणून मी आता पाच प्रश्न तोंडी विचारते. लॅपटॉप बंद. उत्तर मराठीत, आपल्या भाषेत.

पहिला. ए मध्ये पाच ठेव. बी मध्ये ए ठेव. आता ए मध्ये सात ठेव. बी किती? उत्तर पाच. सात म्हणणारे बरेच निघतात, आणि त्यांचं कारण ऐकण्यासारखं असतं. शाळेत आपण ते चिन्ह "बरोबर" असं वाचतो, म्हणून वाटतं की ए आणि बी कायमचे बरोबर झाले. इथे ते चिन्ह "मध्ये ठेव" असं वाचायचं. जमलं, तर पुढे जायचं: एक्समध्ये एक अ‍ॅरे, त्यात १ आणि २. वायमध्ये एक्स ठेवला. एक्समध्ये ३ पुश केला. वायमध्ये काय दिसेल? आता मात्र तीनही दिसतील! नंबर दिला तर दुसऱ्याला झेरॉक्स मिळते. अ‍ॅरे दिला तर त्याच खोलीची दुसरी चावी मिळते. एकानं खोलीत खुर्ची आणून ठेवली, की दुसऱ्याला दार उघडल्यावर ती दिसणारच.

दुसरा, गणपतीच्या वर्गणीचा. वेबपेजवर दोन चौकटी आहेत. एकीत ५०० टाकले, दुसरीत २००. कोड बेरीज करतो आणि दाखवतो ५००२००. का? चौकटीतून येतो तो मजकूर, आकडा नव्हे, आणि अधिक चिन्हाला दोन कामं आहेत: आकडे असतील तर बेरीज, मजकूर असेल तर जोडणं. आता खरी परीक्षा: अधिकच्या जागी वजा टाकलं तर? ३०० येतात. कारण वजाला एकच काम येतं, म्हणून भाषा आधी दोन्हींचे आकडे करून घेते. "नंबरमध्ये बदलायला विसरलो" हे पाठ असतं. वजाचं उत्तर देणाऱ्याला ते समजलेलं असतं.

तिसरा, रिटर्नचा. एक फंक्शन बेरीज करून फक्त कन्सोल लॉग करतं, रिटर्न काहीच करत नाही. त्याचं उत्तर मी टोटल नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं. टोटलमध्ये काय? अनडिफाइन्ड. हॉटेलात वेटर लांबून ओरडला, "एकशे वीस!" तर ते सगळ्यांनी ऐकलं, पण तुमच्या हातात बिल आलं नाही. रिटर्न म्हणजे हातात बिल. नवशिक्यांचा बराच वेळ इथे जातो, कारण स्क्रीनवर आकडा दिसत असतो ना!

चौथा, मोजणीचा. अ‍ॅरेत चार नावं आहेत, शेवटच्याचा नंबर काय? तीन. आमच्या इमारतीत हे लवकर पटतं: तळमजला अधिक तीन, म्हणजे राहायचे मजले चार, पण सगळ्यात वरचा तिसरा. मग लूपमध्ये "लेंग्थपेक्षा कमी" ऐवजी "कमी किंवा बरोबर" लिहिलं तर? नसलेल्या चौथ्या मजल्यावर जाल. तिथे अनडिफाइन्ड भेटेल.

पाचवा सगळ्यात महत्त्वाचा. पाच-सहा ओळींचं फंक्शन देते: पहिली संख्या एका जागी ठेवतं, मग यादीतून फिरतं, हातातली संख्या मोठी असेल तर ती त्या जागी ठेवतं, शेवटी ती जागा रिटर्न करतं. हे काय करतं, एका वाक्यात सांग. "आधी हे ठेवतं, मग फिरतं, मग तपासतं..." असं उत्तर आलं, तर त्याला ओळी दिसतायत. "सगळ्यात मोठी संख्या शोधतं" असं आलं, तर त्याला प्रोग्रॅम दिसतोय. माझी अठरा मार्कांची मुलगी नेमकी या दोन्हींच्या मध्ये अडकली होती.

मार्क कसे द्यायचे? अर्धे उत्तराला, अर्धे कारणाला. उत्तर चुकलं पण कारण सरळ असेल, तर ते सोनं समजा. काय दुरुस्त करायचं ते तुम्हाला कळलं. उत्तर बरोबर आणि कारण "असंच असतं ना" असेल, तर तिथे थांबा. एक गोष्ट बदला आणि पुन्हा विचारा.

त्या मुलाची मी वर्गासमोर माफी मागितली. सॉर्टचा पुढचा तास त्यालाच घ्यायला लावला. दोन आकड्यांची वजाबाकी करून क्रम ठरवणारं छोटं फंक्शन सॉर्टला कसं द्यायचं, ते त्यानं फळ्यावर दाखवलं, माझ्यापेक्षा सोपं करून.

मुलीला अजून नोकरी लागलेली नाही. पण गेल्या रविवारी मी कोड चालवायला बटणाकडे हात नेला, तर ती म्हणाली, "ताई, थांबा. रन करू नका. आधी मला सांगू दे."

तर मंडळी, या आठवड्यात तुम्हीही एवढंच करून बघा. बटण दाबायच्या आधी कागदावर लिहा, काय येणार आणि का. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!