वाणातली वाचनखूण

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत लालबाग-परळच्या चाळींत आणि गिरगावातल्या वाड्यांत रोज कुठे ना कुठे हळदीकुंकू असतं. तिळगूळ, अत्तर, गुलाबपाणी आणि वाण. या वाणाचं काय होतं ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, वाट्या, कंगवे असं बरंच काही घरी येतं, माळ्यावर जातं आणि पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत पडतं. अलीकडे मात्र काही जणी वाण म्हणून क्रोशाने विणलेली वाचनखूण देऊ लागल्या आहेत. काळ्या सुताचा छोटा पतंग, त्याला पांढरी किनार आणि खाली गोंडा. वस्तू एवढीशी, पण ती माळ्यावर जात नाही, पुस्तकात जाते. विणता येणाऱ्या आणि वाचणाऱ्या, दोघींसाठी हा लेख आहे. गिरगाव ते दादर या पट्ट्यात दोन्ही प्रकारच्या बायका भरपूर आहेत आणि बऱ्याचदा ती एकच बाई असते.

क्रोशा या भागाला नवा नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रेडिओवर, पुढे टीव्हीवर, क्रोशाचा रुमाल असायचाच. दाराला तोरण, पाटाभोवती महिरप, पाण्याच्या भांड्यावर कडेला मणी लावलेलं जाळीचं झाकण. मिशनच्या शाळांतून आणि कॉन्व्हेंटमधून ही कला आपल्याकडे पसरली आणि खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती घरांइतकीच ती शेजारच्या ब्राह्मणी आणि पाठारे प्रभू घरांत रुळली. एक सुई, एक गुंडी, बाकी काही लागत नाही. कॉमन गॅलरीत बसून गप्पा मारता मारता करता येणारं हे काम आहे, म्हणूनच ते चाळीत टिकलं.

सूत तर इथल्या हवेतच होतं. कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली आणि पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी मिळून गिरणगाव झालं. इथल्या घरांत सुताचा नंबर लहान मुलांनाही कळायचा. 840 यार्डांची एक लड, आणि एक पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतात तो त्या सुताचा नंबर. म्हणून नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. क्रोशाच्या दोऱ्याचे 10, 20, 40, 60 हे नंबर याच चालीने जातात. गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत, दिवसभर सूत बोटांतून जायचं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या हजारोंना गिरणीचं दार पुन्हा दिसलं नाही. त्यानंतर कितीतरी घरांची चूल बायकांच्या हातकामावर पेटली. या भागात हस्तकलेविषयी लिहिताना ही गोष्ट विसरता येत नाही. इथे हातकाम म्हणजे नुसता छंद कधीच नव्हता.

आता वाचनखुणेकडे वळू. सगळ्यात जास्त चूक होते ती जाडीची. हौशीने लोकर घ्यायची, तिचं जाडजूड फूल विणायचं आणि ते पुस्तकात कोंबायचं. पुस्तक फुगतं, बांधणी सैल होते आणि महिन्याभरात ते फूल उशीखाली जातं. पुस्तकात राहणारा भाग बारीक हवा, नक्षीचा भाग पानांच्या बाहेर हवा. एवढं सांभाळलं की अर्धं काम झालं. दोरा मर्सराइज्ड सुती, 20 नंबरचा, आणि सुई पोलादी, सव्वा ते दीड मिलिमीटरची. मर्सराइज्ड सुताला चकाकी असते, पीळ घट्ट असतो आणि लव निघत नाही. दादरच्या दुकानांत हा दोरा मिळतोच. रंगांची निवड आणि मणी, गोंडे हवे असतील तर सरळ भुलेश्वर गाठावं.

दसऱ्याचं आपट्याचं पान या कामाला सगळ्यात सोयीचं, कारण त्याचा आकार मुळातच दोन पाकळ्यांचा आहे. एक पाकळी अशी: 12 साखळ्या घाला. सुईजवळची एक सोडून पुढे 1 मुका खांब, 1 अर्धा खांब, 7 खांब, 1 अर्धा खांब. शेवटच्या साखळीत 3 मुके खांब घालून वळा आणि साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत या: 1 अर्धा खांब, 7 खांब, 1 अर्धा खांब, 1 मुका खांब. सुरुवातीच्या टाक्याला जोडून घ्या. पाकळी साधारण 3 सेंटिमीटरची होते. अशा दोन करा, शेजारी शेजारी ठेवा आणि सुरुवातीच्या टोकाकडून वर 7 टाके एकमेकांना जोडा. वरचा भाग मोकळा राहतो, तीच आपट्याची खाच. मग जोडाच्या खालच्या टोकातून 100 साखळ्या काढा आणि प्रत्येक साखळीतून दोरा थेट ओढून घेत परत वर या. साधारण 25 सेंटिमीटरची चपटी दोरी तयार होते. डेमी आकाराचं पुस्तक साडेएकवीस सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे वर पान आणि खाली गोंडा दोन्ही बाहेर राहतात. दोरी लांबीला कमी पडली तर गोंडा पानांत अडकतो आणि कागद दुमडतो, म्हणून पहिली दोरी पुस्तकाला लावून बघा. हाताची ओढ प्रत्येकीची वेगळी असते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात ओरबाडलेल्या फांद्यांचे ढीग लागतात आणि त्यात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास खपतात. दुसऱ्या दिवशी तो सगळा कचरा होतो. सोनं म्हणून सुताचं पान दिलं तर झाडही वाचतं आणि सोनंही टिकतं. मला या एका कल्पनेसाठीच क्रोशाची वाचनखूण फार मोलाची वाटते.

विणून झाल्यावरचं काम मात्र मुंबईच्या हवेप्रमाणे करायला हवं. आपल्या आज्या क्रोशाचे रुमाल तांदळाच्या खळीत बुडवून कडक करायच्या. रुमालाला ते चालतं, वाचनखुणेला अजिबात नको. खळ म्हणजे कसरीला आणि झुरळांना आमंत्रण. पावसाळ्यात दमट कपाटात ती खळ आधी खाल्ली जाते आणि मग शेजारचं पुस्तक. त्याऐवजी विणलेलं पान ओलं करा, जाड टॉवेलवर टाचण्यांनी ताणून लावा आणि पूर्ण वाळू द्या. टाचण्या न गंजणाऱ्या घ्या, नाहीतर पांढऱ्या सुतावर तांबूस ठिपके उठतात आणि ते जात नाहीत. लाल, मरून, गर्द निळा असे रंग आधी तपासा. दोऱ्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून ठेवा. डाग उतरला तर तो रंग पुस्तकात जाता कामा नये. चमकी नको, धातूचे मणी नकोत, गोंदाचा थेंबही नको. उरलेलं दोऱ्याचं टोक सुईने टाक्यांतून आत ओवून मगच कापा. गाठ मारून कापलं तर ती गाठ कागदावर वळ उठवते.

ऋतूंप्रमाणे आकार बदलायचे तर आपल्याकडे वर्ष भरलेलं आहे. दिवाळीला कंदील आणि पणती. भाऊबीजेला ओवाळताना बहिणीने भावाच्या हातात दिवाळी अंक ठेवावा आणि त्यात ही खूण. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी दिवाळी फराळाइतकीच वाचनाचीही आहे. जाडजूड अंक चार महिने पुरवून वाचायचा तर खूण लागतेच. नाताळात खोताच्या वाडीसाठी आणि दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या परिसरासाठी तारा. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनासाठी एखादं अक्षर. पाडव्याला गुढी, गणपतीत जास्वंद. नवरात्रात तर रोजचा रंगच ठरलेला असतो. ऑफिसच्या मैत्रिणींना नऊ रंगांच्या नऊ खुणा द्यायच्या ही कल्पना फार चालते. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळांत होतो, तिथे बक्षीस म्हणून पेनापेक्षा ही खूण बरी.

आणि 6 डिसेंबर, बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी शिवाजी पार्कवर आणि चैत्यभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांचे जेवढे स्टॉल लागतात आणि जेवढी पुस्तकं विकली जातात, तेवढी दादरमध्ये वर्षभरात दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसत नाहीत. गावोगावचे लोक रांगेत तासन्‌तास उभे राहून अभिवादन करतात आणि परतताना पिशवीत पुस्तक घेऊन जातात. ज्या माणसाने हिंदू कॉलनीत आपल्या ग्रंथांसाठी राजगृह बांधलं, त्याच्या स्मरणाला याहून योग्य रीत नाही. त्या दिवसासाठी निळ्या सुताचं पिंपळपान विणावं. ते मी विकायला सांगणार नाही. पुस्तकासोबत द्यावं.

विकायचं असेल तर दराविषयी स्पष्ट बोलायला हवं, कारण नुकसान होतं ते इथेच. आपट्याच्या एका पानाला, दोरी आणि गोंड्यासकट, जेमतेम 1 ते 2 ग्रॅम सूत लागतं. म्हणजे मालाची किंमत नगण्य आणि सगळी किंमत हाताची. सरावलेल्या हाताला विणणं, ताणणं, टोकं ओवणं धरून सव्वा तास लागतो असं समजू. तासाला 80 रुपये धरले तर मजुरीच 100 रुपये होते. सूत आणि पाकीट मिळून 10 रुपये. दुकानदाराचा वाटा असेल तर तो याच्यावर, यातून नव्हे. आता कुणी म्हणेल, 30 रुपयांना देता का, छापील बुकमार्क तेवढ्यात येतो. छापील बुकमार्क यंत्रातून हजारांनी निघतो. क्रोशाचं तसं नाही. विणकामाची यंत्रं आहेत, पण सुईने एकेक टाका ओढत केलेला खरा क्रोशा कारखान्यातल्या यंत्रांतून निघत नाही. बाजारात जाळीसारखं जे यंत्राचं कापड मिळतं ते वेगळ्या पद्धतीने विणलेलं असतं. म्हणून क्रोशाची वस्तू कुठेही स्वस्त दिसली तर समजावं की कुणाच्या तरी तासांचे पैसे दिलेले नाहीत.

हे पुस्तकी बोलणं नाही. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस नेली. पुढे तिथल्या हजारो बायका ती विणू लागल्या आणि व्यापारी ती परदेशी पाठवू लागले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला आणि 1982 साली त्यांचं ‘द लेसमेकर्स ऑफ नरसापूर’ प्रसिद्ध झालं. त्यांनी दाखवलं ते असं: या बायका जगाच्या बाजारपेठेसाठी राबत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. त्या गृहिणी, आणि लेस म्हणजे त्यांचा फावला वेळ. फावला वेळ म्हटलं की मजुरी पाडता येते. आयर्लंडमध्येही बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाच्या लेसने अनेक कुटुंबं तगवली. तिथेही विणणाऱ्या हातांना मिळाली ती जगण्यापुरती मजुरी.

याची दुसरी बाजू शोधायला लांब जावं लागत नाही. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. तिथे प्रत्येकीला लाटलेल्या पापडांच्या वजनावर वणई, म्हणजे लाटण्याची मजुरी, मिळते, दर सगळ्यांना ठाऊक असतो आणि बाई संस्थेची सभासद असते. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवलं. दोन्हीकडे काम घरगुतीच होतं. पण दर ठरलेला होता आणि बायका एकेकट्या नव्हत्या. क्रोशा विणणाऱ्यांनी हेच करायला हवं. एका इमारतीतल्या पाच जणींनी एकच दर ठरवला तर कुणी एकीला दुसरीच्या विरोधात वापरू शकत नाही. 110 रुपये ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी वस्तू लहान करा, मजुरी नव्हे. नुसती दोरी आणि तिच्या टोकाला पाच पाकळ्यांचं फूल असं करायचं तर ते 25 मिनिटांत होतं आणि 40 रुपयांत देता येतं.

भेट म्हणून द्यायची तर अर्थातच हिशेब नको. पण भेटीलाही पुस्तकाची जोड असावी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून या शहरात पुस्तकं लोकांच्या घरी पोचवतं आहे. तिथे किंवा आपल्या गल्लीतल्या वाचनालयात दहा खुणा देऊन पाहा. वाचनालयाच्या पुस्तकांची पानं दुमडलेली, मध्ये बसची तिकिटं आणि केसांच्या पिना अडकलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पिनेचा गंज कागद खातो.

हळदीकुंकवाला चाळीस जणी येणार असतील तर चाळीस खुणांना, सव्वा तासाने, 50 तास लागतात. रोज एक तास काढला तर दिवाळी ते संक्रांत हे दिवस त्याला पुरतात, पण डिसेंबरात सुरुवात केली तर पुरत नाहीत. तेव्हा भाऊबीज आटोपली की काळं आणि पांढरं सूत आणा, पहिल्या दोन-तीन खुणा घरच्या पुस्तकात आठवडाभर ठेवून रंग आणि जाडी तपासा, आणि कुणाची ऑर्डर घेणार असाल तर तासाचा दर आधी सांगा.