काळ्या दगडाचा ठसा

सोलापूर जिल्ह्यात भीमा आणि सीना जिथे मिळतात, त्या हत्तरसंग-कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके 940, म्हणजे इ. स. 1018चा मराठी लेख आहे. जुन्यातल्या जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते, आणि वाचणाऱ्याला त्यात विजयाचं आश्वासनही आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. पण काळ्या दगडातली काळी, झिजलेली अक्षरं वाचायची कशी? त्यासाठी ठसा घेतात.

आधी दगड ब्रशने घासून धुतात. ओला, चिवट कागद त्यावर पसरून दाट केसांच्या ब्रशने ठोकत जातात, म्हणजे तो प्रत्येक खाचेत बसतो. कागद अर्धवट सुकला की काजळीच्या शाईचा कापडी बोळा हलक्या हाताने टेकवत फिरवायचा. सगळं कसब या अर्धवटपणात आहे. कागद फार ओला असेल तर शाई पसरते, फार सुकला तर तो दगडापासून सुटतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या दगडावर मधली वेळ कितीशी मिळणार? शाई कागदाला वरून लागते, खाचांत किंवा दगडाला लागत नाही. म्हणून काळ्या पटावर पांढरी अक्षरं उमटतात, तीही सुलटी.

दगडावरून कागदावर छापणाऱ्या जुन्या शिळाप्रेसचं गणित अगदी वेगळं. तिथे आकृती उलटी काढायची आणि दगड हवा चुनखडीचा, बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा नावाजलेला. ज्वालामुखीच्या दगडावर उभ्या असलेल्या महाराष्ट्राला छपाईसाठी दगड मात्र समुद्रतळाचा लागावा, याची मला गंमत वाटते.

ठशावर कोरक्याच्या अक्षरांबरोबर लाव्हाही छापला जातो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची बारीक भोकं त्या काळ्या दगडात, बेसॉल्टमध्ये राहिली. ठशावर ती पांढरे ठिपके होऊन येतात, आकाशातल्या चांदण्यांसारखी. चित्र म्हणून मला हे ठसे कुठल्याही दालनात टांगण्याजोगे वाटतात. वाचणाऱ्याची मात्र पंचाईत होते, कारण अक्षराच्या डोक्यावरचा ठिपका अनुस्वारही असू शकतो. दुसरा ठसा घेऊन उपयोग नसतो. ठिपका तिथेच येतो. मग पुन्हा देवळात जाऊन, बाजूने तिरपा उजेड पाडून, तो खड्डा छिन्नीचा की बुडबुड्याचा हे बघावं लागतं.