सील नवं, गळती जुनीच

कळंबोलीच्या स्टील मार्केटभोवती उभ्या राहणाऱ्या ट्रेलरांमध्ये एखादा तरी त्याच तक्रारीवर पुन्हा आलेला असतो: क्रँकचं मागचं ऑइल सील गळतंय. हे सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील सोडवा. दिवस जातो, भाडं बुडतं. थोड्याच दिवसांत नवं सीलही ओलं होतं.

जाणता मेस्त्री म्हणूनच आधी पान्याला हात घालत नाही. थंड इंजिन डिझेलने धुऊन, कोरडं पुसून तो गाडी एक फेरी मारून आणायला सांगतो. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे फेकलं जातं. त्यामुळे थेंब जिथून टपकतो तिथेच दोष असेल असं नाही. शोधायची ती सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा. खालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग गेलं म्हणून आलेल्या गाडीत तेल टॅपेट कव्हरवरून उतरत असतं, असं पुष्कळदा निघतं.

पण तेल एकदम चहूकडून येत असेल, ऑइलची पट्टी नळीतून वर उचलली जात असेल, तर मामला वेगळा. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारतंय. रिंगांच्या तोंडाशी बारीक फट असतेच. तिथून थोडा जळका वायू चेंबरमध्ये उतरतो आणि ब्रीदरवाटे बाहेर पडतो. रिंगा-लायनर झिजले की हा वायू वाढतो, ब्रीदर चोंदला की त्याची वाट बंद होते. मग दाब तेलाला सीलबाहेर ढकलतो. सील बिचारं निर्दोष असतं.

चालू इंजिनवर ऑइलचं झाकण नुसतं उलटं ठेवून पाहायची रीत सगळीकडे आहे. ते उडून पडलं तर संशय घ्यावा. निकाल मात्र त्यावर देऊ नये. त्याहून भरवशाचं माप फार स्वस्तात होतं. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून अर्धी पाण्याने भरायची आणि एक टोक पट्टीच्या नळीला घट्ट जोडायचं. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे आतला दाब. किती चालेल हे इंजिनागणिक वेगळं, कंपनीच्या पुस्तकात दिलेलं. आणि माप भाराखालीच घ्यावं, कारण बोरघाट चढताना तेल ओकणारी गाडी गॅरेजात उभ्याउभ्या कोरडी राहू शकते.

दाब जास्त निघाला तरी इंजिन खोलायची घाई नको. आधी ब्रीदर. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले. आता अनेक इंजिनांत या वायूतलं तेल गाळून तो पुन्हा आत घेतात, आणि ते गाळणारा फिल्टरच चोंदतो.

मग ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर, ज्याचा विचारच बरेच जण करत नाहीत. त्याचं तेल इंजिनाच्या चेंबरमध्येच परत येतं. त्याच्या रिंगा झिजल्या की तेलामागून हवाही घुसते. हवेच्या टाक्या भरून अनलोडरने कॉम्प्रेसरचा भार सोडल्यावर नळीतलं पाणी खाली आलं, तर गुन्हेगार तोच. टर्बोचं सीलही असंच फसवतं.

हे सगळं ठीक निघालं, तरच एकेका सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून निसटते ते पाहायचं. ऑइलच्या तोंडातून फुसफुस आली की रिंगा गेल्या. पण त्या का गेल्या? एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या रबरी होजला बारीक चीर असली, तर उलवे-तळोज्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. होज काढून आतून बोट फिरवलं की करकर लागते. आणि ती चीर तशीच राहिली, तर नव्या रिंगाही त्याच धुळीने झिजतात.