बागेतील झाडांचा लोहअभावजन्य पिवळेपणा

चुनखडीयुक्त जमिनीत वाढणाऱ्या झाडांना लोह न मिळाल्याने त्यांच्या कोवळ्या पानांतील हरितद्रव्य घटते. या विकाराला क्लोरोसिस म्हणतात. वऱ्हाडात पिवळ्या पानांना सरसकट 'केवडा' म्हटले जाते, परंतु भेंडीवरील केवडा हा विषाणूजन्य रोग आहे. नावावरून निदान करू नये. अमरावती व अकोला येथील बंगल्यांच्या बागांत बॉटलब्रश व एक्झोरा यांच्यावर हा विकार आढळतो.

या भागातील काळ्या मातीत लोह मुबलक असते. मात्र सामू ८ च्या आसपास असल्यामुळे ते अविद्राव्य राहते आणि मुळांना शोषता येत नाही. कुंपणभिंतीलगत पुरलेल्या सिमेंट-चुन्याच्या मलब्याने सामू आणखी वाढतो.

'''निदान'''

पिवळेपणा कोणत्या पानांपासून सुरू झाला, हे प्रथम पाहावे. लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहज जात नाही. म्हणून त्याची उणीव शेंड्याकडे दिसते. शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा व पुढे पांढुरका होतो. नत्राच्या अभावी उलट खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात, शिरांसकट. पानांच्या कडा करपल्या असल्यास पाण्याचा संशय घ्यावा. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. चाफ्याची हिवाळी पानगळ हा रोग नव्हे. पानाखाली नारिंगी भुकटी दिसल्यास मात्र तो तांबेरा होय.

झाड मलूल दिसताच अधिक पाणी घालण्याची सवय सर्वांत घातक ठरते. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि गुदमरलेली मुळे असलेले लोहही घेऊ शकत नाहीत. म्हणून वीतभर खोल माती उकरून ओल तपासावी. मातीवर व्हिनेगर टाकल्यास फेस येणे ही चुनखडीची खूण आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना १९६९) मातीपरीक्षण करून घेता येते.

'''उपाय'''

एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट व थोडे लिंबूसत्त्व मिसळून संध्याकाळी एकाच फांदीवर फवारावे. दहा-पंधरा दिवसांत तीच फांदी हिरवी झाल्यास निदान पक्के होते. हेच फेरस सल्फेट जमिनीत टाकल्यास चुनखडीमुळे लवकरच निरुपयोगी होते. तेथे ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह टिकते. करपलेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यामुळे गुण आला की नाही हे नव्या पालवीवरूनच ठरवावे.