ताप आणि पडलेला काउंट

परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, मुलांना घेऊन आलेले पालक जिथे जिथे राहतात तिथे एक शब्द दिवसातून दहा वेळा कानी पडतो. काउंट. ‘आमचा काउंट पडलाय.’ ‘काउंट वर आला की पुढची किमो.’ आई लातूरकडची असो, बिहारची असो की बंगालची, हा शब्द सगळ्यांचा सारखाच. शाळेची पायरी न चढलेल्या बायकाही रिपोर्टच्या कागदावर त्या आकड्यावर अचूक बोट ठेवतात.

हा काउंट म्हणजे पांढऱ्या पेशींचा, त्यातही न्यूट्रोफिल नावाच्या पेशींचा. शरीरात घुसलेल्या जिवाणूंवर पहिल्यांदा तुटून पडतात त्या याच. त्यांचे आयुष्य फार थोडे असते, म्हणून हाडांतल्या मगजाला त्या रोज नव्याने घडवाव्या लागतात. किमोथेरपीचे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारते. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात, आणि मगजातल्याही. त्यामुळे किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान न्यूट्रोफिल तळाला जातात. एरवी एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड हजारांहून जास्त असतात. 500 च्या खाली गेल्या की धोका वाढतो, 100 च्या खाली तो फारच मोठा. हिशेब सोपा आहे. एकूण पांढऱ्या पेशी 1200 आणि त्यात न्यूट्रोफिल 20 टक्के, तर काउंट 240.

नुसता काउंट पडला म्हणून घाबरून जायचे कारण नाही. तो पडणारच, हे डॉक्टरांना ठाऊक असते. तो वर यावा म्हणून कोणी डाळिंब सुचवतो, कोणी बीट, कोणी पपईच्या पानांचा रस. मगज आपल्या वेळेनेच कामाला लागतो. काही उपचारांत डॉक्टर त्यासाठी इंजेक्शन देतात, तेवढेच. घाबरायचे ते ताप आल्यावर.

एरवी मुलाला जखम झाली तर ती लाल होते, सुजते, पू होतो. तो पू म्हणजे बऱ्याच अंशी लढून मेलेले न्यूट्रोफिलच. सैन्यच नसेल तर लढाई दिसणार कशी? घसा लाल दिसत नाही, न्यूमोनिया असूनही छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. आत जंतू रक्तात उतरलेले असतात आणि बाहेर खूण एकच असते, ताप. हे जंतू बहुतेक वेळा कुठून लांबून आलेलेही नसतात. ते मुलाच्या स्वतःच्या आतड्यातले, तोंडातले, कातडीवरचे असतात. किमोने आतड्याचे अस्तर सोलवटले की त्यांना वाट मोकळी होते. म्हणून ‘आम्ही कशात कमी पडलो?’ हा प्रश्न आईबापांनी स्वतःला छळत बसण्यात फारसा अर्थ नसतो.

काउंट आणि जंतुसंसर्ग यांचे नाते आकड्यांत मांडले गेले ते 1966 साली, अमेरिकेत. जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांच्या त्या निबंधावर चार नावे आहेत, त्यांपैकी एक वाय. एस. साठे. पेशी जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्ग जास्त, हे त्यातून स्पष्ट झाले. तोवर ताप आला की रक्त तपासायला देऊन जंतूचे नाव कळेपर्यंत थांबण्याची रीत होती. नाव कळायला दोन-तीन दिवस लागत, आणि तेवढ्यात रोगी हातचा जाई. 1971 मध्ये स्टीफन शिम्फ यांनी दाखवून दिले की जंतू कोणता हे कळण्याआधीच, ताप दिसताच प्रतिजैविके सुरू केली तर रोगी वाचतात. आजचा सगळा उपचार त्याच पायावर उभा आहे.

आता नियम असा की मूल रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविकाचा पहिला डोस गेला पाहिजे. आधी कल्चरसाठी रक्त घेतात आणि लगेच पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिमसारखे औषध लावतात. काउंटचा रिपोर्ट येण्याची वाट पाहत नाहीत. आपल्याकडे नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू बरेच असल्याने दोन-तीन दिवसांत औषध बदलावेही लागते. चार दिवस होऊनही ताप उतरला नाही तर बुरशीचा संसर्ग धरून त्यावरचे औषध जोडतात.

पण हा तास सुरू होतो रुग्णालयाच्या दारात. त्याआधीचे तास घरात जातात, आणि खरी अडचण तिथे आहे. समजा मूल उमरग्याचे आहे. मुंबईची किमो घेऊन ते गावी आले. नवव्या दिवशी रात्री दोनला अंग तापले. घरातले वडीलधारे म्हणतात, पोराला आत्ता कुठे डोळा लागलाय, सकाळ होऊ दे. कोणीतरी पॅरासिटामॉल देतो. ताप उतरतो, सगळे निश्चिंत होतात, आणि आत जंतू वाढत राहतात. सकाळी मूल गार पडलेले, मलूल, रक्तदाब घसरलेला. भारतात उपचार चालू असताना दगावणाऱ्या मुलांत जंतुसंसर्ग हे मोठे कारण आहे. कर्करोगाला औषध लागू पडत असतानाच मूल जाते. मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग योग्य उपचार पूर्ण झाल्यास बहुसंख्य वेळा बरा होतो, म्हणून हे जास्त टोचते.

तेव्हा घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. हात लावून पाहिलेला ताप चालत नाही. एकदाच 101 दिसला किंवा 100.4 तासभर टिकला, की निघायचे. पॅरासिटामॉल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन तर नाहीच, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. गुदद्वारातून ताप मोजणे किंवा औषध देणेही नाही. ज्याला नळी किंवा पोर्ट बसवला आहे त्याला औषध सोडल्यावर हुडहुडी भरली, तर तीही ताप समजायची. स्टिरॉइड चालू असलेल्या मुलाला ताप न येताही संसर्ग होऊ शकतो; मूल नेहमीसारखे नाही असे आईला वाटणे एवढे कारण निघायला पुरे. मुंबई गाठायचा हट्ट नको. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावायचा आणि शिरेतून औषध देता येईल अशा जवळच्या रुग्णालयात फाइल घेऊन पोहोचायचे. दारात पहिले वाक्य एकच: ‘किमो चालू आहे आणि ताप आलाय.’ हे न सांगितल्यामुळे मुले सर्दी-तापाच्या रांगेत बसून राहतात.

रमजानमध्ये एक सोय अशी की सहेरीमुळे मोहल्ल्यात पहाटे तीनलाही दिवे असतात, रिक्षावाला जागा असतो. शेजाऱ्याला उठवायचा संकोच उरत नाही. अडचणीही याच महिन्यातल्या. इफ्तारचा ट्रे दारोदार फिरतो. त्यातली कापून तास-दोन तास उघडी राहिलेली फळे, बाजारच्या बर्फाचे सरबत या मुलांसाठी नव्हे. फळच बंद असा कडक नियम मात्र करू नये. त्याने संसर्ग घटतो असे अभ्यासांत आढळलेले नाही. घरी स्वच्छ धुऊन, सोलून, लगेच दिलेले केळे किंवा संत्रे चालते. हेच प्रसादाच्या शिऱ्याचे, तीर्थाचे आणि दर्ग्याच्या पाण्याचे. श्रद्धेला हात न लावता ताजे आणि उकळलेले एवढेच पाहायचे. काउंट कमी असताना ईदची गळाभेट आणि गर्दी टाळलेली बरी. घरात कोणाला कांजिण्या, गोवर किंवा नुसती सर्दी असेल तर त्याने लांब राहावे. आजाऱ्याला रोजा माफ आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी दहा-बारा वर्षांची मुले भावंडांकडे पाहून हट्ट धरतात. त्यांना समजावण्याचे काम घरातल्या आजोबांनी किंवा मशिदीतल्या इमामांनी केले तर पोरे लवकर ऐकतात.

औषध लागू पडले की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, मूल खायला मागते. कल्चर स्वच्छ आले आणि काउंट चढू लागला की प्रतिजैविके थांबवून घरी सोडतात. फाइलवर पुढच्या किमोची तारीख पडते. ती झाली की आठ-दहा दिवसांनी काउंट पुन्हा पडतो आणि थर्मामीटर पुन्हा उशाशी येतो.