माया : एक नाव, अनेक माहेरं

शिवणकाम शिकवणाऱ्या बाई मुलीच्या हाती पहिल्यांदा कात्री देतात, तेव्हा एकच गोष्ट बजावतात : "माया सोडून काप." खडूने मापाची रेघ ओढायची आणि कात्री चालवायची ती त्या रेघेच्या बाहेरून, बोटभर अंतर ठेवून. शिवण पडते मापाच्या रेघेवर. बाहेर उरलेली पट्टी म्हणजे माया. ती आत दुमडलेली राहते, वरून दिसत नाही. पुढे अंग भरलं की शिवण उसवायची, मायेतलं कापड सोडवायचं, की तेच पोलकं पुन्हा अंगाला बसतं. लहान मुलीचा फ्रॉक शिवायला टाकताना आई हमखास सांगते, "वाढतं अंग आहे, माया जरा जास्त ठेवा."

मराठीत हा शब्द किती अंगांनी वावरतो! आजीच्या हाताला माया असते. एखादा माणूस चार वर्षांत बक्कळ माया जमवतो. कीर्तनकार बुवा मायेच्या जाळ्यापासून सावध करतात. आणि गल्लीत "माया, ए माया" अशी हाक आली की खिडकीतून एक हसरा चेहरा डोकावतो. दोन अक्षरांचं हे नाव मॉस्कोत, तेल अवीवमध्ये, जकार्तात आणि काठमांडूतही मुलींना ठेवलं जातं. जपानमध्ये त्या नावाचा डोंगर आहे, आणि मध्य अमेरिकेतला एक अख्खा समाज त्या नावाने ओळखला जातो.

आपल्याकडच्या मायेचं मूळ फार जुनं आहे. ऋग्वेदात माया म्हणजे फसवणूक एवढाच अर्थ नाही. वरुणाची, इंद्राची माया ही त्यांची अद्भुत घडवण्याची शक्ती आहे. हा शब्द 'मा' म्हणजे मोजणं, मापणं या धातूशी जोडण्याची परंपरा आहे. मापाच्या रेघेबाहेर माया सोडणाऱ्या शिंप्याला हे सांगितलं तर नक्की आवडेल. पुढे अद्वैत वेदान्तात जग जसं दिसतं तसं ते नाही, हे सांगायला माया हा शब्द आला, आणि संतांच्या वाणीतून तो घराघरांत पोचला. प्रभात कंपनीने १९३२ मध्ये 'माया मच्छिंद्र' काढला, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नाही.

पण जगभर सर्वांत दूर गेलेली भारतीय माया ही तत्त्वज्ञानातली नव्हे. ती एक आई आहे.

मायादेवी, महामाया. सिद्धार्थ गौतमाची आई. पांढरा हत्ती आपल्या कुशीत शिरतो असं स्वप्न तिला पडलं. माहेरी जाताना वाटेत लुंबिनीच्या उपवनात शालवृक्षाची फांदी धरून उभी असताना ती बाळंत झाली आणि सातव्या दिवशी वारली. बाळाला वाढवलं ते तिच्या बहिणीने, महाप्रजापती गौतमीने. लुंबिनी आज नेपाळात आहे. तिथल्या मायादेवी मंदिराशेजारी सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे, आणि १९९७ पासून ही जागा जागतिक वारशाच्या यादीत आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला मायादेवीला पाहायला तेवढं लांबही जावं लागत नाही. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात डावीकडच्या भिंतीवर तिचं स्वप्नही रंगवलं आहे आणि बुद्धाचा जन्मही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत ही आई पुन्हा जिव्हाळ्याची झाली.

हीच माया चीनमार्गे जपानला पोचली. कोबे शहराच्या पाठीशी सुमारे सातशे मीटर उंचीचा डोंगर आहे, त्याचं नाव माया. डोंगरावरच्या देवळात बुद्धाच्या आईची पूजा होते. मृत्यूनंतर मायादेवी त्रायस्त्रिंश स्वर्गात गेली आणि तिला धम्म सांगायला बुद्ध तिथवर गेले, अशी कथा आहे. देवळाचं नाव त्याच स्वर्गावरून पडलं आहे. १९७६ मध्ये जुनं देऊळ आगीत जळालं, नंतर ते पुन्हा बांधलं गेलं. आजही तिथे बायका सुखरूप बाळंतपणाचं मागणं घेऊन जातात. स्वतः बाळंतपणानंतर सात दिवसांत गेलेली आई दुसऱ्या बायांची पाठराखीण व्हावी, ही लोकश्रद्धा मन हलवून जाते.

त्याच कोबेत, त्याच डोंगराचं नाव देऊन १९३० मध्ये एक युद्धनौका पाण्यात सोडण्यात आली. 'माया' नावाची ही क्रूझर २३ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपाइन्सजवळ अमेरिकी पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली. २०२० मध्ये जपानच्या नौदलात दाखल झालेल्या एका विनाशिकेलाही तेच नाव आहे. नाव एकदा डोंगराचं झालं की ते मूळच्या आईच्या हाती राहत नाही.

आता भूमध्य समुद्राकडे. ग्रीक पुराणात अ‍ॅटलासच्या सात मुली आहेत. त्यातली थोरली माया. झ्यूसपासून तिला हर्मीस झाला, तो देवांचा निरोप्या. दुसरीचं पोरकं पोरही तिनेच सांभाळल्याची कथा आहे. ग्रीकमध्ये हाच शब्द दाईला आणि सुईणीलाही वापरतात. सॉक्रेटिसची आई सुईण होती, आणि प्रश्न विचारून समोरच्याच्या मनातलं ज्ञान बाहेर काढण्याच्या त्याच्या पद्धतीला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात जे नाव आहे, ते सुईणपणावरूनच आलं आहे.

या सात बहिणी म्हणजे आपल्या कृत्तिका. हिवाळ्यात संध्याकाळी आभाळात द्राक्षाच्या लहानशा घोसासारखा जो पुंजका दिसतो, त्यातल्या एका ताऱ्याचं नाव आजही माया आहे. आपल्याकडे कृत्तिकांनी कार्तिकेयाला दूध पाजलं आणि तो सहा आयांचा मुलगा झाला. ग्रीसमध्ये त्याच पुंजक्यात दुसऱ्याचं लेकरू वाढवणारी माया आहे. दोन्ही समाजांनी तिथे आई पाहिली.

रोमनांची माया नावाची देवता वसंतात भरणाऱ्या सृष्टीची. मे महिन्याचं नाव बहुधा तिच्यावरून पडलं. रशियनमध्ये मे महिन्याला 'माय' म्हणतात. सोव्हिएत काळात १ मे हा कामगारांचा मोठा सण झाला आणि माया हे नाव तिथे रुळलं. त्या पिढीतली सर्वांत तेजस्वी माया म्हणजे नर्तकी माया प्लिसेत्स्काया. तिचा जन्म १९२५ चा. स्टालिनच्या दडपशाहीत १९३८ मध्ये वडिलांना गोळ्या घातल्या गेल्या, आईची रवानगी श्रमछावणीत झाली. मायाला सांभाळलं तिच्या नर्तकी मावशीने. पुढे बोल्शोई रंगमंचावर हंसिणीच्या भूमिकेत तिचे हात असे लहरत, की त्या हातांना हाडंच नसावीत असं वाटे. मायादेवीचं लेकरू मावशीने वाढवलं, ही माया स्वतः मावशीकडे वाढली. नावाचा यात काही हात नाही, पण हे लक्षात आल्यावर विसरताही येत नाही.

ग्रीक मायेचं आणखी एक देणं थेट जमिनीखालून आलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात शास्त्रज्ञांना डायनोसॉरची घरटी सापडली. घरट्यांतली पिल्लं अंड्यातून बाहेर येऊन काही काळ तिथेच वाढली होती, म्हणजे कुणीतरी त्यांना भरवत होतं. १९७९ मध्ये त्या जातीला नाव मिळालं 'मायासॉरा', चांगली आई असलेली पाल. सरपटणारी रानटी धुडं एवढीच डायनोसॉरची जी प्रतिमा होती, ती या घरट्यांनी बदलली. १९८५ मध्ये त्याच जातीच्या हाडाचा तुकडा आणि अंड्याचं कवच एक अंतराळवीर अवकाशात घेऊन गेला.

आणि मग ते मायन लोक. इथे जरा थांबायला हवं, कारण मोबाइलवर फिरणारा एक मजकूर बहुतेकांनी वाचलेला असतो : पांडवांची मयसभा बांधणारा मयासुर पाताळात, म्हणजे अमेरिकेत गेला आणि त्यानेच माया संस्कृती वसवली. गोष्ट रंगतदार आहे, पण खरी नाही. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात मायापान नावाचं मोठं शहर होतं, आणि तिथले लोक आपल्या भाषेला आजही माया म्हणतात. स्पॅनिश आले आणि हळूहळू ते नाव सगळ्या नातलग समाजांना चिकटलं. ग्वाटेमालातले कीचे किंवा काकचिकेल लोक स्वतःला आधी त्या त्या नावाने ओळखतात. मायन भाषा सुमारे तीस आहेत आणि त्या कुटुंबाचं संस्कृतशी कसलंही नातं नाही.

त्यांचं श्रेय उचलून मयासुराला देणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. शून्याचा अभिमान आपल्याला आहे, तो असावाच. पण मायनांनीही शून्य स्वतंत्रपणे शोधलं. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शून्यासाठी शिंपला. त्यांची गणती वीसच्या पटीत चाले. आपल्या आज्याही 'दोन विसा आणि पाच' असं मोजत, त्यामुळे मराठी माणसाला ती परकी वाटू नये. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने त्यांची पुस्तकं जाळली. आज जेमतेम चार उरली आहेत. त्यांची लिपी उलगडण्याची किल्ली १९५२ मध्ये लेनिनग्राडच्या यूरी क्नोरोझोव्ह यांना सापडली, आणि तीही त्याच लांदाने लिहून ठेवलेल्या टिपणांतून. हे लोक नाहीसेही झाले नाहीत. १९९२ चं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू कीचे आहेत, आणि मायन भाषा बोलणारी माणसं आज लाखोंनी आहेत.

मग इतक्या ठिकाणी एकच नाव कसं? काही धागे खरे जोडलेले आहेत : लुंबिनी ते कोबे, ग्रीस ते रोम. संगणकावर त्रिमिती चित्रं हलवण्याच्या ज्या 'माया' प्रणालीवर पुण्यामुंबईची मुलं आज अ‍ॅनिमेशन शिकतात, तिचं १९९८ मधलं बारसं संस्कृत शब्दावरूनच झालं. इंडोनेशियात आभासी जगाला 'दुनिया माया' म्हणतात, तीही आपलीच. नेपाळीत माया म्हणजे सरळ प्रेम. पण बाकीची माहेरं वेगळी. हिब्रू माया 'मायिम' म्हणजे पाणी या शब्दाशी जोडली जाते. तुर्कीत माया म्हणजे विरजण. फिलिपाइन्समध्ये माया हा चिमणीएवढा पक्षी, १९९५ पर्यंत तो त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी होता. यांना ओढून एका मुळाशी बांधण्याची गरज नाही. भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोब्सन यांनी दाखवलं, की दूध पिणाऱ्या बाळाच्या मिटल्या ओठांतून 'म' सर्वांत सहज निघतो, म्हणून जगातल्या पुष्कळ भाषांत आईच्या नावात म आहे. 'म' आणि त्यापुढे 'आ' : तोंडाला याहून सोपं काही नाही. वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या वाटांनी तिथेच पोचली, आणि हे एका मुळाच्या दाव्यापेक्षा जास्त सुंदर आहे.

चंद्रपूरच्या ताडोबात तर हे नाव वाघिणीला मिळालं. पांढरपौनीच्या तळ्याकाठी बछड्यांसह दिसणाऱ्या मायाला पाहायला देशोदेशीचे लोक येत. २०२३ च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली. पुढे जंगलात सापडलेले अवशेष तिचेच असल्याचं डीएनए तपासणीत निष्पन्न झालं.

सगळ्यांत साधं माहेर मात्र एका भावाच्या हाकेत आहे. १९२८ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला एक मुलगी जन्मली, मार्गरिट जॉन्सन. तिच्याहून थोडा मोठा भाऊ बेली तिला नावाने हाक मारत नसे. तो म्हणे 'माय सिस्टर', माझी बहीण. त्याचं आखूड होत झालं 'माय', आणि मग 'माया'. लहानपणी झालेल्या अत्याचारानंतर ती मुलगी सुमारे पाच वर्षं मुकी राहिली, बोलायची ती फक्त या भावाशी. मोठी झाल्यावर तिने तेच नाव जगासाठी घेतलं : माया अँजेलो. १९६९ मधल्या तिच्या आत्मचरित्राने काळ्या स्त्रीचं बालपण जगासमोर ठेवलं. पुढच्याच वर्षी जकार्तात एका अमेरिकन बाईला मुलगी झाली. अँजेलोंवरच्या प्रेमापोटी तिने मुलीचं नाव माया ठेवलं. त्या मुलीचा थोरला भाऊ बराक ओबामा. २०२२ मध्ये अमेरिकेने पाव डॉलरच्या नाण्यावर माया अँजेलोंची प्रतिमा कोरली.

बेलीची ती हाक आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याच्या बहिणीने ती लिहून ठेवली. तुमच्या घरी, शेजारी एखादी मायाताई, मायामावशी असेल, तर तिचं नाव कुणी ठेवलं आणि का, हे तिला एकदा विचारा. सांगेल ते वहीत उतरवून ठेवा.