फोन थकतो की बॅटरी?

दोन-तीन वर्षांत फोन मंदावला की नवा घ्यायचा, हे आपण गृहीतच धरलं आहे. पण कितीतरी वेळा थकलेली असते ती फक्त बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता चार्जिंगगणिक थोडी थोडी घटते, उन्हाळ्यात गरम झाली तर आणखी वेगाने. मग ती एकदम लागणारी वीज पुरवू शकत नाही आणि फोन मधेच बंद पडतो. तसं होऊ नये म्हणून अ‍ॅपलने जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला होता. डिसेंबर 2017मध्ये कंपनीने ते मान्य केलं आणि बॅटरी बदलण्याचा अमेरिकेतला दर 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणला. पुढचं जास्त बोलकं आहे. जानेवारी 2019मध्ये अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात, लोक अपेक्षेइतके नवे आयफोन घेत नसल्याच्या कारणांमध्ये या स्वस्त बॅटरीबदलाचाही उल्लेख होता.

मग बॅटरी आपली आपल्याला बदलता येईल असेच फोन का नकोत? बॅटरी हाताने काढता आली तर फोनमध्ये पाणी शिरेल, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. सीलबंद फोन पाण्यापासून जपणं सोपं जातं. पण 2014च्या सॅमसंग गॅलेक्सी एस5चं मागचं झाकण नखाने उघडायचं, झाकणाला आतून रबराची कड होती, बॅटरी सहज निघायची आणि तरीही तो आयपी67 दर्जाचा होता, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. तेव्हा अडचण तंत्राची नाही, प्राधान्याची आहे आणि या फोनची बॅटरी सहज बदलता येते का, हा प्रश्न ग्राहकाने दुकानात ठामपणे विचारायला हवा.